नाव नसलेली ओळ

तुमच्या पणजीचं लग्नाआधीचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का?

अमेरिकेतल्या डब्लिन गावच्या लायब्ररीत दर शनिवारी एक कृष्णवर्णीय आजी दिसायच्या. भिंग घेऊन त्या गुलामांच्या जुन्या याद्या वाचत. त्यांना खापरपणजीचं नाव हवं होतं. मरण्याआधी ते एकदा मोठ्यानं उच्चारायचं होतं. पण याद्यांत नावं फक्त मालकांची. गुलामांपुढे वय, लिंग, रंग. ‘स्त्री, बावीस, काळी’ या ओळीवर त्या बोट ठेवून बसत.

“ह्याच असतील?” मी एकदा विचारलं.

“हाक मारून बघू, ओ देते का,” त्या हसल्या. “तुझ्या पणजीचं नाव काय गं?”

“लक्ष्मी. म्हणजे सासरचं. आमच्यात लग्नात नवरा ताटातल्या तांदळांत बायकोचं नवं नाव लिहितो. आधीचं घरात कुणालाच माहीत नाही.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. “आमची नावं कुणी लिहिलीच नाहीत. तुम्ही असलेली पुसलीत, वर जेवणावळी घातल्यात.”

गुलामी आणि लग्न एक नव्हे, हे मला कळतं. तरी त्यांचं बोलणं खोटं नव्हतं.

त्यांना ते नाव शेवटपर्यंत मिळालं नाही. आपल्या आज्यांना स्वतःचं अजून आठवतं. आज आजीला फोन करा, तिचं माहेरचं नाव विचारा, आणि त्याच नावानं तिला हाक मारा.