मुशीची पिल्लं

हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहायला आम्ही सहलीतल्या बायका मोठ्या हौसेने गेलो होतो. ओल्या वाळूवर पापलेटांचे रुपेरी ढीग आणि साऱ्यावर पसरलेला खारट, लोखंडासारखा वास. तेवढ्यात एका कोळणीने मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, पोटावरून कोयता फिरवला आणि मी जागीच थिजले. त्या मेलेल्या पोटातून दोन पिल्लं बाहेर आली होती, जिवंत, वळवळणारी.

"सरक गो बाय, वाट सोड!" मला खांद्याने ढकलून, पिल्लं ओंजळीत घेऊन ती पाण्याकडे धावली.

"काशे, कालवण पळालं गो तुझं!" तिच्या शेजारची कोळीण खिदळली.

"डोळ्यांदेखत जन्मली ती. तू खाशील?" ती मागे न पाहता ओरडली.

गुडघाभर पाण्यात तिने ओंजळ उघडली. एक पिल्लू लगेच नाहीसे झाले. दुसरे उताणे तरंगत राहिले, तेव्हा तळहातावर घेऊन ती त्याला हलकेच पुढेमागे झुलवू लागली. लिलावाचा गलबला मला ऐकूच येईना. अखेर शेपटी हलली आणि तळहात रिकामा झाला.

करुणा म्हणजे मारण्यापासून हात आखडून घेणे, असेच मी आजवर मानत आले होते.

ती परतली, कोयता उचलला आणि आईचे तुकडे करता करता मला म्हणाली, "ताजी हाय. घेतेस?"

मी तिच्या हातांकडे पाहत राहिले. ते अजून ओले होते. समुद्राने की रक्ताने, ते आता वेगळे सांगता आले नसते.