तर तू, तार्तू आणि तुर्कू

लग्नाच्या बावीस वर्षांत मी बायकोला चुकीच्या देशात फक्त एकदाच नेलं आहे.

हे रेकॉर्ड तसं वाईट नाही. तरीही आमच्याकडे कोणी जेवायला आलं, की वरण-भात संपून ताकाकडे वळेपर्यंत हा विषय निघतोच. मेधा तो इतका रंगवून सांगते की मूळ घटना निदान एकदा माझ्या तोंडून यावी असं मला वाटू लागलं आहे. (ती जे सांगते तेही खरंच असतं. तक्रार फक्त तिच्या हातवाऱ्यांबद्दल आहे.)

मी इंग्लंडमध्ये मेडनहेडला एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी वेळेवर काम करावं म्हणून मला पगार मिळतो. मेधा शाळेत फिजिक्स शिकवते. आठ वर्षांची असताना ती आईबरोबर पुण्याहून कॉव्हेंट्रीला आली, आणि तेव्हापासून तिला आकाशातल्या सगळ्या गोष्टींचं वेड आहे. जमिनीवरच्या गोष्टी माझ्याकडे असतात. तिकिटं, हॉटेलं, पार्किंग, सगळं.

तर त्या रविवारी मी खाली स्वयंपाकघरात मिक्सरवर दाण्याची चटणी फिरवत होतो, आणि मेधा जिन्यावरून ओरडली,

"मिलिंद, मला पन्नासाव्या वाढदिवसाला तार्तूला जायचंय!"

मला ऐकू आलं ते असं : "मला घर्रर्र वाढदिवसाला तर तू घर्रर्र जायचंय!"

"तर मी काय करू?" मी ओरडलो.

"सगळं प्लॅन कर!"

मिक्सर बंद होईपर्यंत ती खाली येऊन भरभर बोलत होती. बाल्टिकमधलं जुनं गाव, जुनी युनिव्हर्सिटी, मधून नदी, टेकडीवर दोनशे वर्षांपूर्वीची वेधशाळा. तिने तिथे ईमेल केला होता, आणि तिच्या वाढदिवशी सकाळी अकराला तिथली एक बाई आम्हाला तिथली जुनी दुर्बीण खास उघडून दाखवणार होती. गावाचं नाव तेवढं तिने पुन्हा घेतलं नाही.

आता विचारायचं ना! पण मेधाने त्याच आठवड्यात दोनदा मला कान तपासून घ्यायला सांगितलं होतं. 'कुठलं गाव म्हणालीस?' एवढं विचारलं असतं तर सोमवारी सकाळी मी फॅमिली डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये असतो. मी म्हणालो, "मस्त! डन!"

संध्याकाळी लॅपटॉप उघडला. बाल्टिक समुद्र, जुनी युनिव्हर्सिटी, नदी, टेकडीवर वेधशाळा, आणि नाव 'तर तू'सारखं काहीतरी. पंधरा मिनिटांत सापडलं. तुर्कू! फिनलंड! जुनी युनिव्हर्सिटी आहे. नदी आहे. कॅथीड्रल आहे. आणि टेकडीवर जुनी वेधशाळा, तीसुद्धा आहे! मी 'बर्थडे – तुर्कू' नावाचा फोल्डर केला आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो. मेधाने वेधशाळेचा ईमेल मला फॉरवर्ड केला होता. तो मी न उघडता त्याच फोल्डरमध्ये टाकला. (सगळं एका जागी असलेलं बरं असतं.)

नंतरचे तीन महिने आम्ही दोघं एकाच सहलीबद्दल बोलत होतो असा आमचा समज होता. ती 'तार्तू' म्हणायची. मला वाटायचं, बिचारीला उच्चार जमत नाहीये, कशाला दुखवा. मी 'तुर्कू' म्हणायचो. तिला वाटायचं, बिचाऱ्याला उच्चार जमत नाहीये, कशाला दुखवा. एकमेकांना सांभाळून घ्यायची सवय किती घातक असू शकते हे लग्नात कोणी सांगत नाही.

"तिथल्या कॅथीड्रलला छप्परच नाहीये," एकदा ती म्हणाली. "नुसत्या विटांच्या भिंती उभ्या. किती सुंदर!"

"आहे की छप्पर. मी फोटो पाहिला."

"जुना फोटो असेल."

"लोकांच्या हातात मोबाइल होते, मेधा."

"मग रिस्टोअर केलं असेल नुकतंच. शी! उगाच केलं."

विषय संपला.

"जायचं कसं?" तिने विचारलं.

"हेलसिंकीपर्यंत विमान. पुढे दोन तास ट्रेन."

"हां, मीपण तसंच वाचलं. आणि बोट?"

"बोट बुक केली आहे!" मी म्हणालो. आणि ती मी खरंच केली होती. तुर्कूहून बेटं दाखवायला नेणारी. तिला हवी होती ती हेलसिंकीहून खाडी ओलांडून इस्टोनियात नेणारी. बोटीच्या बाबतीत एवढा बारीक फरक कोण विचारतं?

एकच माणूस सगळं वाचवू शकला असता. माई. मेधाची आई, निवृत्त डॉक्टर, वय शहात्तर, आणि कॉव्हेंट्रीत चाळीस वर्षं पेशंटच्या 'आय ॲम फाइन'वर विश्वास न ठेवण्यात घालवलेली. त्या आमच्याबरोबर येणार होत्या. त्यांनी फोनवर विचारलं,

"मिलिंदराव, फिनलंडला थंडी असेल का हो?"

"मेमध्ये नाही, माई. एक कार्डिगन पुरे."

"पण मेधा तर इस्टोनिया म्हणते."

"ते शेजारीशेजारीच आहेत, माई. आपलं सांगली-कोल्हापूर." मग मी आवाज खाली आणला. "तिचा भूगोल जरा कच्चा आहे. तुम्ही काही बोलू नका, वाईट वाटेल तिला."

हे वाक्य माई अजून शब्दशः म्हणून दाखवतात. माझ्या आवाजात!

मेमधल्या हाफ-टर्मच्या सुट्टीत आम्ही चौघं निघालो. मेधा, माई, मी आणि आमची सतरा वर्षांची इरा. मेधाने विमानात सगळा वेळ मॉक परीक्षेचे पेपर तपासले. हेलसिंकीला उतरून स्टेशनवर जाऊन मी सगळ्यांना गाडीत बसवलं तेव्हाही तिचा एक डोळा पेपरातच होता. पाटीवर 'तुर्कू' होतं. ती म्हणाली, "हे काय लिहिलंय?"

"फिनिशमधलं नाव. आपलं नाही का, पुणे आणि पूना."

"हं," म्हणून ती एका मुलाला गुरुत्वाकर्षणाबद्दल शून्य देण्यात गुंतली. ही गाडी आपल्याला बोटीच्या धक्क्यावर नेते आहे, असं तिने धरूनच टाकलं होतं.

गाडी सुटली. माईंनी डबा उघडून दशम्या आणि मेतकूट-तूप काढलं. तिकीट तपासनीस आला. मेधाने पाठ केलेलं इस्टोनियन 'तेरे' म्हणून त्याला नमस्कार केला. तो हसून "मोई!" म्हणाला.

"लोकल डायलेक्ट असेल," मेधा म्हणाली, आणि पेपर संपल्यामुळे तिने पहिल्यांदाच खिडकीबाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग घड्याळ पाहिलं. मग पुन्हा बाहेर.

"मिलिंद, आपल्याला दक्षिणेला जायचंय ना?"

"साधारण," मी म्हणालो. (मला खरं तर माहीत नव्हतं.)

"आत्ता भर दुपार आहे. सूर्य समोर हवा. तो डाव्या खिडकीत का आहे?"

आता इथे गप्प बसायचं ना माणसाने! पण मी पंचवीस वर्षं फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला म्हणालो, "आपण खूप नॉर्थला आलोय ना. इथे सूर्य वेगळा असतो."

माईंचा घास हातात राहिला. इराने कानातले इअरफोन काढले.

"आणि बोट किती वाजता आहे?" मेधाने अगदी हळू आवाजात विचारलं. हा आवाज ती वर्गात कोणीतरी गॅस उघडा ठेवला की वापरते.

"बोट परवा. बेटांवर जायला."

"कुठली बेटं? तार्तूला समुद्र नाहीये."

"नाही कसा? बंदर आहे चांगलं! आणि मेधा, आता सांगतोच, ते तुर्कू आहे गं. तू मघापासून... म्हणजे फेब्रुवारीपासूनच चुकीचं म्हणते आहेस."

इराने फोनवर नकाशा उघडला. आम्ही एक निळा ठिपका होतो आणि तो पश्चिमेला पळत होता. "आई," ती म्हणाली, "दोन वेगळी शहरं आहेत. तार्तू इकडे, इस्टोनियात. आपण चाललोय तुर्कूला. मध्ये पूर्ण समुद्र आहे. बाबा, हाउ?"

  मी मेधाकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता वेधशाळेचा तो ईमेल उघडून माझ्यासमोर धरला. पहिल्याच ओळीत तार्तू. सहीखाली तार्तू. 'तुमच्या वाढदिवशी तुमची वाट पाहते आहे', असं त्या बाईंनी लिहिलं होतं. मी ती ओळ दोनदा वाचली. हॉटेल चुकलं, गाडी चुकली, यांचं मला काही नव्हतं. पण मेधा बावीस वर्षं माझ्या आवडीच्या जागी हिंडली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने एक जागा स्वतःसाठी मागितली होती. ती मी मिक्सरच्या आवाजात घालवली होती.

"मला तेव्हा ऐकूच आलं नव्हतं," मी म्हणालो. "मिक्सर चालू होता."

"मग विचारायचं नाही?"

"तू कान तपासायला पाठवलं असतंस."

मेधा काही बोलणार, तेवढ्यात माईंनी डब्याचं झाकण फट्कन लावलं. "उद्या अकराला पोचायचंय ना? इरा, पुढचं स्टेशन किती वेळात आहे? उतरायचं, परत हेलसिंकी, तिथून बोट. तू बघ फोनवर. मेधा, तू त्या बाईंना कळव, येतोय म्हणून. आणि मिलिंदराव..."

"हो माई?"

"तुम्ही आता फक्त बॅगा उचला."

मी उचलल्या. पुढच्या स्टेशनवर उतरून परतीच्या गाडीची वाट पाहताना मी तुर्कूच्या हॉटेलला फोन लावला, आणि आम्ही येऊ शकत नाही म्हणून अपराधी आवाजात सांगायला सुरुवात केली. पलीकडच्या मुलीने मला वाक्य पूर्ण करू दिलं नाही.

"तार्तू?" तिने विचारलं.

"हो."

"हं," ती म्हणाली. त्या 'हं'मध्ये इतकी सवय होती, की मला जरा बरं वाटलं. जगात आपण एकटे नाही!

संध्याकाळी बोटीने खाडी ओलांडून आम्ही इस्टोनियात टॅलिनला पोचलो. इराने मिळवलेल्या खोलीत माई पलंगावर, बाकी आम्ही जमेल तिथे. सकाळी पहिल्यांदा मी मेधाला 'हॅपी बर्थडे' म्हणालो. ती म्हणाली, "अकरा वाजल्यावर म्हण."

तार्तूला बसमधून उतरलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. मग टेकडी चढायची. इरा पुढे फोन घेऊन, तिच्यामागे मेधा, तिच्यामागे छत्रीचा काठीसारखा उपयोग करत माई, आणि चार बॅगांसकट मी. वाटेत त्या कॅथीड्रलच्या उंच लाल भिंती लागल्या. वर नुसतं आकाश. मेधा क्षणभर थांबली, वळून माझ्याकडे पाहिलं आणि छपराकडे, म्हणजे नसलेल्या छपराकडे, बोट दाखवलं. मी मान डोलावली. बोलायला दम नव्हता.

वेधशाळेच्या दारात एक करड्या केसांची बाई उभी होती. अकराला चार मिनिटं बाकी होती! तिने मेधाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि आम्हाला आत नेलं. मधल्या खोलीत ती लाकडाची आणि पितळेची लांबलचक दुर्बीण तिरकी उभी होती. त्या बाई काय काय सांगत होत्या आणि मेधा प्रश्न विचारत होती, लहान मुलीसारखे, एकावर एक. मग दुर्बिणीपासून वीतभर अंतरावर हात धरून नुसती उभी राहिली. माईंनी चष्मा पुसला. मीही पुसला, फक्त माझ्या लक्षात आलं की मी चष्मा लावत नाही.

"थँक यू," बाहेर आल्यावर मेधा मला म्हणाली.

"कशाबद्दल? इराने आणलं आपल्याला."

"हो, ते खरंच आहे," ती म्हणाली, पण माझ्या खांद्यावरची एक बॅग तिने स्वतःकडे घेतली. मी 'हॅपी बर्थडे' म्हणालो आणि या वेळी ते चाललं.

दुपारी युनिव्हर्सिटीच्या मुख्य इमारतीत गेलो. तिथे वर माळ्यावर एक जुनी कोठडी जपून ठेवली आहे. पूर्वी वात्रट विद्यार्थ्यांना तिथे कोंडायचे, आणि भिंतींवर त्यांनी काढलेली चित्रं अजून आहेत. दाखवणारा तरुण मुलगा सांगत होता, लायब्ररीचं पुस्तक उशिरा दिलं तरी कोंडायचे, बायकांशी उद्धट वागलं तर जास्त दिवस.

"आणि कोणी कुटुंबाला तार्तूऐवजी तुर्कूला नेलं तर?" मेधाने विचारलं.

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "तशी केस ऐकली नाही," तो म्हणाला. "त्या काळी विद्यार्थ्यांचा भूगोल चांगला होता."

माई इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसवावं लागलं. इराने व्हिडिओ चालू केला. मी म्हटलं, होऊन जाऊ दे. आपणहून कोठडीत गेलो, दार लावून घेतलं, आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर मोठ्या रुबाबात बाहेर यायला निघालो. दार उघडेना. ढकललं, खांदा लावला, हाका मारल्या. बाहेरून तो मुलगा काहीतरी सांगत होता, पण जाड लाकडातून मला नीट ऐकू येईना, आणि विचारायची मला लाज वाटली. शेवटी इराने बाहेरून दार माझ्या अंगावर उघडलं आणि म्हणाली, "बाबा, तो केव्हापासून सांगतोय, ढकलू नको. पुल."