पदराच्या टोकाची ज्वारी

झरीच्या मास्तरीणबाईंनी माझा धंदा बुडवला आणि मी त्यांच्या लेकीच्या लग्नात, भर मांडवात, त्याचं उट्टं काढलं. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा नाही निवला. आज सांगतानाही कानशिलं तापलीत.

धंदा होता देण्याघेण्याच्या साड्यांचा. आमच्याकडं लग्नात आहेरात आलेली साडी कुणी नेसत नाही. ती पेटीत पडते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला तरी जाते. एका घरी अशा पंधरा साड्या नुसत्या पडून, तर दुसऱ्या घरी लग्न आठवड्यावर आलेलं आणि पेटी रिकामी. मी परभणीत राहायची, नवरा कचेरीत कारकून. ह्या घरच्या साड्या स्वस्तात घ्यायच्या आणि त्या घरी चार पैसे चढवून द्यायच्या, एवढीच माझी अक्कल. पण त्यावर थोरलीचं डी.एड. चाललं होतं. तिच्या बापाच्या पगारात ते बसत नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

वाटतं तेवढं सोपं नव्हतं हो. साडीला देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी टाचलेली असायची, त्या टाचणीचा गंज लिंबानं काढायचा. घडीत अक्षता अडकलेल्या, काठाला कुंकवाचं बोट. जुन्या घडीवर पिवळी रेघ पडते, म्हणून घडी उलटी घालून चार दिवस गादीखाली दाबायची. पिंगळीहून कार्ड यायचं, ‘दोन लाल, एक मोरपंखी, लग्न सोमवारी’. गठ्ठा बांधून द्यायचा, तर विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत बसगाड्या बंद. गठ्ठा पोचायचा बुधवारी आणि तसाच परत यायचा. काही बायका तर अशा बेरकी, की हळदीला साडी मिरवून आणायच्या आणि म्हणायच्या, “रंग पसंत न्हाई पडला बाई.” काठाला हळद तशीच. मी साडी त्यांच्या नाकासमोर धरायची.

पण खरी मेख वेगळीच. साडी फिरून देणाऱ्याच्याच घरी जाता कामा नये. झरीची साडी झरीत द्यायची नाही, झरीच्या सोयऱ्यात द्यायची नाही. कोण कुणाची नणंद, कुणाची मावशी कुठं दिली, सगळं माझ्या डोक्यात. काढलेल्या चिठ्ठ्या मी बिस्किटाच्या डब्यात ठेवायची, अडीनडीला बघायला. कुणाची साडी कुठं गेली ते तोंडातून कधी काढलं नाही. त्याच भरवशावर बायका मागच्या दारानं माझ्याकडं यायच्या.

मास्तरीणबाई त्यातल्याच. झरीच्या शाळेतल्या मास्तरांची बायको, घरची जमीन, बोलणं साखरेचं. वर्षाला दोनदा पिशवी भरून साड्या आणायच्या. त्यांची सासू वारली त्याच्या महिन्याभरानंतर त्यांनी अशीच पिशवी आणली. तिच्यात तळाला एक हिरवी साडी होती. चिठ्ठी नाही. घडीत बुक्का, उदबत्तीचा वास, आणि पदराच्या टोकाला एक गाठ मारलेली. गाठ चाचपली तर आत ज्वारीचे दाणे.

मी काय समजायचं ते समजले. सवाष्ण बाई गेली की माहेरची साडी नेसवून तिला वाटेला लावतात. सासूचं माहेर पिंगळी. तिच्या भावानं आणलेली साडी ह्या बयेनं मयताच्या अंगावर जाऊच दिली नव्हती. बायका आंघोळ घालतात तेव्हा पुरुष बाहेर असतात, बघायला कोण येतंय? मी साडी घेतली, बोलले काही नाही. विकलीही नाही. पेटीच्या तळाला घालून ठेवली. तेव्हाच तोंडावर फेकायला पाहिजे होती. पण गिऱ्हाईक तुटेल ह्या भीतीनं गप बसले. खोटं कशाला बोलू.

पुढं दोन वर्षांनी चूक माझ्याच हातून झाली. मास्तरीणबाईंची एक जांभळी साडी मी मानवतला दिली. त्यांच्या बहिणीच्या नव्या व्याह्यांचं घर तिथंच, हे माझ्या डोक्यात नव्हतं. बहिणीनंच मास्तरीणबाईंना दिलेली साडी, ती फिरत फिरत बहिणीच्याच ओटीत आली. बहीण झरीला आली आणि साडी ह्यांच्या पुढ्यात टाकली. ह्यांची पाची बोटं तोंडात.

मी पाया पडायला गेले होते. खरंच गेले होते. तर दारातच म्हणाल्या, “माझी इज्जत घालवलीस, आता तुझी कशी ऱ्हाती ते बघते.”

आणि बघितलीच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पन्नास बायकांत बसून म्हणाल्या, “तिच्याकडच्या साड्या मयताच्या असत्यात. मसणवट्यातून आणती.”

झालं. आहेरात मयताची साडी, ह्याच्याहून मोठा अपशकून कुठला? आठ दिवसांत गठ्ठे परत यायला लागले. बायका उंबऱ्याच्या आत येईनात, साड्या ओट्यावर ठेवून हात धुवायच्या. एकीनं तर माझ्याकडून नेलेली साडी रस्त्यावर जाळली. पिंगळीची कार्डं थांबली. थोरलीचं दुसरं वर्ष तसंच राहिलं. तिला मी स्वेटर विणायच्या मशीनवर बसवली. तिनं पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. त्या रात्री मी ठरवलं, ह्या मास्तरीणीला सोडायचं नाही.

ज्या बयेनं मयताची साडी खरंच विकली, तिनंच माझ्या नावानं डांगोरा पिटावा? लाज कशी वाटली नाही तिला? मी पेटी उघडली. हिरवी साडी जशीच्या तशी होती. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला बदलत आले होते. कशासाठी बदलत होते ते मला त्या दिवशी कळलं.

चार महिन्यांनी मास्तरीणबाईंच्या लेकीचं लग्न निघालं. मला बोलावणं नव्हतंच. मी गेले. साडी नव्या कागदात बांधली, वर नारळ ठेवला आणि आहेर पुकारणाऱ्याच्या टेबलावर नेऊन दिली. चिठ्ठीवर मी सरळ अक्षरात लिहिलं होतं: नवरीच्या आजीच्या माहेराहून, पिंगळी.

त्यानं माईकवर पुकारलं, “पिंगळीहून, नवरीच्या आजीच्या माहेराहून, हिरवी साडी!”

पुढं सतरंजीवर आजीचा भाऊ बसला होता. ऐंशीच्या घरातला म्हातारा, पांढरा फेटा, हातात काठी. आपला आहेर तर सकाळीच दिलाय, मग हा कुणाचा, म्हणून तो उठला. टेबलापाशी आला. साडी हातात घेतली, बोटांनी पदराचं टोक शोधलं आणि गाठीवर त्याचा अंगठा थांबला.

मी मास्तरीणबाईंकडं बघत होते. त्यांच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. त्यांनी आधी साडी बघितली, मग मला. चेहरा चुन्यागत पांढरा पडला.

म्हातारा काही मोठ्यानं बोलला नाही. पण माईक चालू होता. “ही मी माझ्या बहिणीच्या मयताला आणली होती,” तो म्हणाला, आणि ते मांडवाच्या चारी कोपऱ्यांत ऐकू गेलं.

मग जे व्हायचं ते झालं. सासूला नेसवायची साडी घराबाहेर कुणी काढली, ते कुणाला सांगावं लागलं नाही. वराकडच्या बायका उठून उभ्या राहिल्या. मास्तर मान खाली घालून आत गेले. मास्तरीणबाईंनी ताट खाली ठेवलं. लग्न मोडलं नाही, अक्षता तर आधीच पडल्या होत्या. पण लेक सासरी गेली ती ह्या बोलण्याचं ओझं घेऊनच. तिचं मला थोडं वाईट वाटलं. थोडंच. माझीही लेक होती.

मी पंगतीला बसले. बुंदी दोनदा मागून घेतली.

धंदा परत उभा राहिला का? नाही. आता बायकांना वेगळंच भ्या पडलं. हिच्या डब्यात आपलीही चिठ्ठी असणार, उद्या आपल्याही मांडवात काढील. माझ्याकडं कुणी फिरकलं नाही. त्याचंही मला काही वाटलं नाही. मास्तरीणबाई पुढं झरीत कुणाच्या हळदीकुंकवाला दिसल्या नाहीत, तेवढं मला पुरे होतं. निदान चार दिवस तरी पुरलं.

पाचव्या दिवशी म्हातारा माझ्या दारात. पिंगळीहून रेल्वेनं, माझं घर विचारत विचारत आला होता, काखेत तीच साडी. मी पाणी दिलं. तो पाणी प्याला, साडी मांडीवर ठेवली.

“तुमच्याकडं कवापासून व्हती, बाई?”

“अडीच वरसं झाली, मामा.”

“कुणी नेसली?”

“न्हाई. घडी पण मोडली न्हाई.”

“कुणाची हाय ते ठावं व्हतं तुमाला?”

मी होय म्हणून मान हलवली. तो माझ्यावर रागावेल असं वाटलं होतं, रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता गाठ चाचपत बसला. म्हणाला, “आमच्या रानातली ज्वारी. ती लगीन होऊन गेली तवा आईनं अशीच बांधून दिली व्हती. जाताना पण असावी म्हणून म्या बांधली. वर लोकांनी लय साड्या टाकल्या व्हत्या, फुलं व्हती. मला वाटलं, माझी आत हाय.”

डोक्यात एवढी गावं, एवढी नाती ठेवली मी, पण पिंगळीला हा एक म्हातारा आहे, त्याला एक कार्ड टाकावं, हे अडीच वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं. मला तो आठवला तो फक्त मांडवात उभा करायला.

तो उठला, काठी घेतली. उंबऱ्यात थांबून त्यानं विचारलं, अगदी साधं, वाट विचारावी तसं.

“मंग बाई, माझी बहीण काय नेसून गेली?”