अनशापोटी

वसईतल्या पापडी गावच्या आमच्या घरात पहाटे सगळ्यात आधी ऐकू यायचा तो आईच्या गोळीच्या पाकिटाचा आवाज. टक्कन फॉइल फुटायची, मग तांब्यातलं पाणी फुलपात्रात पडायचं, मग दार ओढून घेतलेलं ऐकू यायचं. मी अंथरुणातूनच विचारायचे, "गोळी घेतली?" ती अंगणातून ओरडायची, "घेतली गो बाय, घेतली!" एवढ्यावर आमचं दिवसभराचं बोलणं संपायचं. ती देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सकाळची मिस्सा ही प्रार्थना ऐकून परत येईपर्यंत मी विरारच्या एस्टीत बसलेली असायचे. बोळिंजच्या एका शाळेत मी शिकवत होते. संध्याकाळी परत यायचे ती वह्यांचा गठ्ठा घेऊन, आणि वह्या तपासून मान वर करेपर्यंत रोजरीची माळ म्हणून, जेवून, आईचा डोळा लागलेला असायचा. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघीच होतो, आणि दोघींची भेट व्हायची ती त्या गोळीपुरती.

आईला डायबेटिस निघाला तो नव्वदच्या दशकाच्या मधोमध कधीतरी. वाडीत केळींना पाणी लावताना पायात काटा गेला, आणि जखम काही केल्या भरेना. रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, "मावशी, साखर आहे." आई भडकली. "मी चहात साखर घालत नाय, गूळ घालते," असं तिने त्यांनाच ठणकावून सांगितलं. वर्षानुवर्षं सुकेळी खाल्ली त्याचा तिने उच्चार केला नाही. सुकेळी म्हणजे आमच्या वसईची उन्हात वाळवलेली केळी, आणि ती आईच्या लेखी फळ होती, गोड पदार्थ नव्हे.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची, चुकवायची नाही, आणि घेतल्यावर उपाशी राहायचं नाही. आईने तिन्ही गोष्टींना मान डोलावली. त्यातलं अर्धा तास आणि चुकवायची नाही एवढंच तिच्या डोक्यात शिरलं, हे कळायला आम्हाला बरेच महिने लागले.

याचं कारण असं, की आई अनशापोटी मिस्सेला जायची. कम्युनियन घ्यायचा, म्हणजे मिस्सेत फादर देतात ती पवित्र भाकर खायची, तर पोटात आधी काही गेलेलं नको, असा तिच्या लहानपणीचा नियम होता. त्या काळी म्हणे मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. तिच्या आईने रात्री पाण्याच्या माठावर ताट ठेवून वर पाटा ठेवलेला तिला आठवत होता, पोरांनी झोपेत उठून पाणी पिऊ नये म्हणून. एकदा सणाच्या दिवशी विहिरीवर चूळ भरताना आईच्या घशात पाणी गेलं. सात-आठ वर्षांची पोर, तिने आपणहून घरी सांगितलं, आणि त्या दिवशी सगळी भावंडं कम्युनियनला उठली तेव्हा ती एकटी बाकावर बसून राहिली. ही गोष्ट सांगताना म्हातारपणीही तिचे डोळे भरायचे. पुढे नियम सैल झाला. कम्युनियनआधी तासभर काही खायचं नाही, एवढंच उरलं. आईच्या कानावर ते आलं होतं. "तो नियम आळशी लोकांसाठी केलाय," ती म्हणायची.

पण औषध आणि पाणी घेतल्याने उपास मोडत नाही, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा तिने आपल्या मनाने हिशोब जुळवला. गोळीनंतर अर्धा तास थांबायचं आणि मिस्साही अर्ध्या तासाची. गोळी घेऊन निघायचं, मिस्सा ऐकायची, घरी येऊन खायचं. डॉक्टरही खूश, देवही खूश. चालत जाण्यायेण्याचा वेळ आणि मिस्सेनंतर देवळाच्या पायऱ्यांवर शेजारणींशी गप्पा मारण्याचा वेळ तिने या हिशोबात धरलाच नाही. गप्पांना वेळ लागतो हे कबूल करणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

आणि मग गंमत झाली. गंमतच म्हणते मी, कारण आता हसू येतं. मिस्सेत ऐन वेळी, फादर वेदीवर भाकर उचलून धरायचे तेव्हा, आईच्या अंगाला घाम फुटायचा. हात थरथरायचे, छातीत धडधडायचं, डोळ्यांसमोर उजेड नाचल्यासारखा व्हायचा. आईला वाटलं, ही देवाची कृपा. इतकी वर्षं प्रार्थना केली ती आता कुठे पोचली. ती हे कोणाला बोलली नाही, कारण अशी गोष्ट बोलून दाखवली की जाते, असं तिला वाटायचं. मला फक्त एवढंच दिसायचं की ती अलीकडे मिस्सेला जास्तच उत्सुकतेने निघते.

देवळाच्या सणाला बिशप आले होते. गायनमंडळाने एकेक गाणं सगळ्या कडव्यांसकट म्हटलं, आणि बिशपांचं प्रवचन काही केल्या आटपेना. मी त्या दिवशी आईच्या शेजारीच बसले होते. तिचा चेहरा घामाने निथळलेला मी पाहिला, पंख्याखाली. "आई, काय होतंय?" मी विचारलं. तिने माझ्याकडे पाहून गोड हसून म्हटलं, "गप बस. येतोय तो." आणि ती माझ्या अंगावर कोसळली.

तिला बाहेर ओट्यावर आणलं. मी तिच्या नावाने हाका मारत होते आणि ती ओळख नसल्यासारखी माझ्याकडे बघत होती. ती नजर मी विसरू शकत नाही. गर्दीतल्या एका नर्सबाईने "साखरेचं औषध चालू आहे का?" असं विचारलं, आणि सणाच्या सरबतातलं पेलाभर सरबत मागवून तिला घोट घोट पाजलं. थोड्या वेळाने आईने डोळे नीट उघडले. पहिला प्रश्न केला, "कम्युनियन झाला?" झाला होता. ती लहान मुलीसारखी रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं तेव्हा ती देवाची कृपा उघडकीस आली. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "मावशी, ही गोळी साखर खाली ओढते," ते म्हणाले. "वरून अन्न आलं नाही तर ओढतच राहते. त्या दिवशी लेक शेजारी नसती तर?" आई खाली मान घालून बसली. मी मात्र घरी येईपर्यंत तोंडाचा पट्टा चालू ठेवला. मला भीती वाटली होती, आणि मला भीती वाटली की मी ओरडते. सकाळची मिस्सा बंद, असं मी जाहीर केलं. रविवारी घरीच कम्युनियन आणून देतील, तो घ्यायचा.

आईने वाद घातला नाही. गोळी वेळेवर घेतली, भाकरी वेळेवर खाल्ली, साखर नीट राहिली. आणि ती दिवसेंदिवस विझत गेली. पहाटे तिची झोप उघडायचीच. मी उठून बघायचे तर ती अंगणात खुर्चीवर साडी नेसून तयार बसलेली असायची, देवळाच्या दिशेने तोंड करून. घंटा झाली की तिचे ओठ हलायला लागायचे. मी आत जाऊन पडायचे आणि मला झोप यायची नाही. औषधाने बाई जगवायची म्हणजे एवढंच का, असं मनात यायचं.

फादर घरी येऊन बसले. तरुण होते, बोलायला गोड होते. "मावशी, आजारी माणसाला उपासाचं बंधनच नाही. तुम्ही गोळी घ्या, भाकरी खा आणि खुशाल मिस्सेला या. मी सांगतोय ना."

"तुमी सांगतात ते बरोबर हाय, फादर," आई म्हणाली. "पन मना खाल्ल्यावर जमनार नाय. पोट भरलेलं असलं की मना मागताच येत नाय."

शेवटी मीच डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, "तिला उपाशी देवळात पाठवायची सुरक्षित वाट आहे का ते सांगा. नसेल तर नाही म्हणा, मी परत विचारणार नाही." त्यांनी विचार केला. गोळी बदलली, कमी ताकदीची दिली, आणि म्हणाले, "आता घड्याळ विसरा. गोळी घासाला बांधा. ताट समोर आलं की गोळी. ताट नाही तर गोळी नाही." बोटातून रक्त तपासायचं यंत्र तेव्हा नवं नवं मिळायला लागलं होतं, ते घ्यायला लावलं. पिशवीत साखरेची पुडी कायम ठेवायला सांगितली. "सुकेळी ठेवली तर?" मी आईच्या वतीने विचारलं. "चक्कर आली तर साखरच," ते म्हणाले. "सुकेळं काय, हातात आलं की ती चक्कर आलीच म्हणेल." आणि शेवटची अट घातली, की सध्या तिला एकटी सोडायची नाही.

म्हणून मी शाळेत दुपारचं सत्र मागून घेतलं. आणि आमच्या त्या सकाळी सुरू झाल्या.

देवळाच्या आवारात बदामाच्या झाडाखाली सिमेंटचा एक बाक होता. मिस्सा संपली की आम्ही तिथे बसायचो. मी डबा उघडायचे. तांदळाची भाकरी आणि अंड्याची पोळी, कधी वालाची भाजी, कधी लसणीत परतलेला सुका जवळा. देवळाच्या दारात जवळ्याचा वास सुटला की आईला लाज वाटायची आणि भूकही लागायची. आधी भाकरी तिच्या मांडीवर ठेवायची, मग गोळी हातात द्यायची. ती गोळी घ्यायची, लगेच घास घ्यायची, आणि बोलायला लागायची.

माझी आई बोलते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्या बाकावर मला कळलं की तिला शाळेत भूगोल आवडायचा. कळलं की लग्नाआधी तिला पानवेलींच्या वाडीत काम करायला धाडायचे, आणि वेलींच्या सावलीत ती मोठ्याने गायची. वडिलांचा तिला सुरुवातीची दोन वर्षं मनापासून राग होता. "मंग?" मी विचारायचे. "मंग काय, सवय झाली. सवयीनंतर माया आली. घाई कशाला?" असं म्हणून ती भाकरीचा काठ चावत बसायची. घास ती फार सावकाश खायची. मी म्हणायचे, "आई, आटप, वह्या राहिल्यात." ती म्हणायची, "डॉक्टर बोलले सावकाश खा." डॉक्टर असं कधीच बोलले नव्हते.

आजूबाजूची वसई तेव्हा भराभर बदलत होती. "विहिरींचं पानी खारं व्हायला लागलंय," असं आई रोज सांगायची. वाड्या जात होत्या, इमारती उठत होत्या. पण त्या बाकावर बसल्यावर मला त्याचं फारसं काही वाटायचं नाही. आज वाटतं. आज मला ती वसईही हवी आहे आणि तो जवळ्याचा वासही, पण सगळ्यात जास्त हवी आहे ती भाकरीचा काठ चावत, मुद्दाम वेळ काढत बसलेली माझी आई. देवाकडे मागायचं म्हटलं तर मी दुसरं काही मागणार नाही.

अशी वर्षं गेली. मग तिची किडनी कुरकुर करायला लागली. डॉक्टरांनी गोळी आणखी कमी केली, आता साखर थोडी चढलेली चालेल पण उतरलेली चालणार नाही, असं बजावलं. पायऱ्या चढवेनात, म्हणून देऊळ सुटलं. शेवटी मी शाळेतून लांब रजा घेतली आणि तिच्याजवळ घरी राहिले.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर घरी कम्युनियन घेऊन यायचे. तेच फादर, आता केस पांढरे व्हायला लागलेले. त्या शुक्रवारी त्यांना उशीर झाला. मी आईच्या बोटातून रक्त काढून बघितलं, साखर खाली चालली होती. आता हिला खा म्हणायचं कसं, फादर येईपर्यंत थांबायचं कसं, मी स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिले. आतून आईची हाक आली. "बाय, पाव दे गो चहात बुडवून. भूक लागली."

मी लगबगीने पाव आणि चहा नेऊन दिला. तिने चहाबरोबर अर्धा पाव खाल्ला, वर केळं मागितलं. तिच्या तोंडात केळं असतानाच फादर आले. मला वाटलं, आता ती शरमेल. ती शांतपणे चावत राहिली. थोडा वेळ जाऊ दिल्यावर फादरांनी कम्युनियन दिला, प्रार्थना म्हटली, आणि मग खुर्ची पुढे ओढून गमतीने म्हणाले, "काय मावशी, एवढी वर्षं मी सांगत होतो, आजारी माणसाला चालतं म्हणून. आज ऐकलंत!"

"ऐकलं तर मी त्याच दिवशी होतं, फादर," आई म्हणाली. "पन पहिल्यांदा खरंच जमत नव्हतं. मंग ही डबा घेऊन यायला लागली. घरात खाऊन गेले असते तर ही माझ्यासंगं बाकावर बसली असती काय? सकाळच्या एस्टीने गेली असती शाळेत."

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात रिकामी बशी होती.

"आता ही घरातच असते," आई त्यांना समजावून सांगितल्यासारखं म्हणाली. "मंग मी उपाशी कशाला राहू?"