खिशात राहिलेली कॅप्सूल

ह्यांचा कंपनीचा शर्ट खिसे उलटे केल्याशिवाय मी भिजवत नाही. खिशात लोखंडाचा कीस असतो आणि तो बोटात घुसतो. त्या रविवारी किसाबरोबर राजगिऱ्याएवढे पांढरे दाणे निघाले आणि घामाने चिकट झालेली कॅप्सूलची टोपणं. महाळुंग्याच्या कंपनीची बस यायच्या आधी रोज सकाळी मी स्वतःच्या हाताने देत होते, तीच ही पित्ताची कॅप्सूल.

पोटात जखम आहे, असं डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून सांगितलं होतं. कॅप्सूल चुकवायची नाही, आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं तर आत रक्त जातंय, लगेच यायचं, हेही बजावलं होतं. मला इतका संताप आला की शर्ट तसाच बादलीत टाकून मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

हे शांत. मोबाइलवर बघितलं म्हणे, पित्त कमी करणाऱ्या औषधाने पोटाच्या अस्तरातलं रक्तही कमी होतं. मग मला मशीन समजावून सांगायला लागले. लोखंड कापताना टूल, म्हणजे कापायचं पातं, थंड राहावं म्हणून त्यावर सतत कूलंटचं दुधाळ पाणी पडत असतं. ते थांबलं की टूल जळतं.

"रक्त म्हंजी पोटाचा कूलंटच की," हे म्हणाले. "तोच बंद केला तर जखम भरंल कशी?"

खरं सांगते, मला ते पटलं. आणि पटलं म्हणूनच मी घाबरले. डॉक्टर खोटं सांगतील कशाला? पण वीस वर्षं मशीन चालवणारा माणूस तरी चुकेल कसा? डोक्यात नुसता गोंधळ. शेवटी शौचाचं विचारलं, तर हे खाली बघायला लागले. काळं होत होतं. तसंच रिक्षात बसवलं आणि चिखलीतल्या घरून थेट दवाखाना गाठला.

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कूलंटचं सगळं ऐकून घेतलं आणि अगदीच खोटं नाही म्हणाले. आम्ल बनवायला अस्तराला रक्त लागतं. ते काम कमी झालं की रक्तही थोडं कमी लागतं. काही प्रयोगांत तसं दिसलं, काहींत नाही. म्हणजे कमी होतं की नाही होत, मी विचारलं. ते हसले आणि ह्यांच्याकडे वळले.

"मशीन कापत नसताना कूलंट कमी सोडला, तर टूल जळतं का?"

ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग डॉक्टरांनी विचारलं, दुसरी काही गोळी चालू आहे का? ह्यांनी पाठीचं सांगितलं. दिवसभर उभं राहून पाठ धरते. बसमध्ये कुणा ना कुणाकडे दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी असतेच, तंबाखूच्या पुडीसारखी ती हातोहात फिरते. "घे भावा," म्हणतात आणि हे घेतात. ओव्हरटाइम असला की दोन.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. अस्तराचं रक्त खरोखर कमी करते ती ही गोळी, म्हणाले. अस्तराचं कवच पातळ करते तीही हीच. आणि मग आतलं आम्ल त्या उघड्या जखमेवर पडत राहतं. जी वाचवणारी होती ती खिशात राहिली आणि जी मारणारी होती ती पोटात गेली. मला हसावं की रडावं कळेना. मी रडले.

चार दिवस दवाखान्यात काढून हे घरी आले, दुखण्याची गोळी कायमची बंद. आता कॅप्सूल गिळली की लहान मुलासारखा आ करून दाखवतात. मीही वाकून जिभेखाली बघते, विश्वास असा लगेच परत येत नाही. कॅप्सूलने अस्तराचं रक्त कमी होतं की नाही हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

कामावर परत जायच्या पहिल्या सकाळी ह्यांनी आ केला, मी बघितलं, मान हलवली. हे डबा उचलायला वाकले आणि तसेच कमरेवर हात ठेवून थांबले.

"आता पाठीचं काय करायचं, सांग," हे म्हणाले.

खाली गोळ्यांची पट्टी फिरते तीच बस येऊन उभी होती. मी डबा उचलून ह्यांच्या हातात दिला.