मडगार्डवरचा हात

नातीने हौसेने मला शहाद्यात जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाला नेलं. काळ्या मोटारीजवळ पेट्रोलचा वास आला आणि इंग्रजांच्या काळातली गोमाई नदीची तापलेली वाळू आठवली. अशीच मोटार तिथे रुतली होती. माझ्या वडिलांनी, आबांनी, नांगराचे बैल सोडून आणले आणि स्वतः मागून जोर लावला. मोटार काठावर येताच आत बसलेला लाकडाचा ठेकेदार म्हणाला, "हात काढ. डाग पडतील." मग उतरून त्याने ती जागा रुमालाने पुसली.

आबा मला एवढंच म्हणाले, "चाल, बैलेसले पानी पाज."

तेव्हा मला आबांचाच राग आला होता.

प्रदर्शनातल्या मोटारीवर 'हात लावू नये' अशी पाटी होती. मी मडगार्डवर आख्खा पंजा टेकवला.

"आजी, पाटी वाच ना."

"वाचूनच ठेवलाय."