राजाजीनगर ते आनेकल, व्हाया राउटर

नेटवर्कच्या कामात एक गंमत असते. वायर कधीच पुरत नाही आणि किस्से कधीच संपत नाहीत! पवारांच्या अगरबत्ती कारखान्याचंच काम घ्या. ऑफिस शहरात राजाजीनगरला, कारखाना शहराबाहेर आनेकलला, आणि दोन्हीकडचे कॉम्प्युटर जोडायचे होते. जोडणारे आम्ही दोघं : मी नागपूरची, आणि माझे सीनिअर गायकवाडमामा, पिढ्यान्पिढ्या याच कानडी शहरातल्या चामराजपेटचे.

*

थोरल्या पवारांना सगळे अण्णा म्हणतात. मी त्यांना समजावलं, "स्टॅटिक म्हणजे डेटाचा रस्ता आपण राउटरला हाताने लिहून द्यायचा. डायनॅमिक म्हणजे राउटर एकमेकांना विचारून रस्ता शोधतात."

"विचारू नका म्हणावं! या गावात तिघांना विचारलं की तीन रस्ते सांगतात, आणि चौथा म्हणतो, स्वल्प पुढे जाऊन विचारा!"

झालं, स्टॅटिक ठरलं!

*

राजाजीनगरच्या राउटरमध्ये आनेकलचा रूट टाकला आणि ऐटीत पिंग मारलं, म्हणजे तिकडच्या कॉम्प्युटरला हाक दिली. उत्तरच नाही! केबल बदलली, राउटर रीस्टार्ट केला, तरी ढिम्म.

मामांनी एकदम कपाळावर हात मारला. "अगं, पोरगी सासरी पोचली! तिला माहेरचा रस्ता कुणी सांगितलाय?"

परतीचा रूट आनेकलच्या राउटरवर टाकायचाच राहिला होता.

*

मग एकदा मेन लाइन तुटली. बॅकअप लाइन होती, पण हाताने लिहिलेला रस्ता तुटक्या लाइनकडेच बोट दाखवत बसला! सगळ्या ऑर्डरी अडकल्या.

अण्णा म्हणाले, "सरी, ठीक आहे, डायनॅमिक करा."

"पण तीन रस्ते सांगतात ना?"

"सांगू देत. एखादा तरी चालू असेल!"

*

सेटिंग करताना शेजारी हिशेब बघणाऱ्या शांताक्का बसल्या होत्या. मी म्हटलं, "हे राउटर सारखे एकमेकांना हॅलो म्हणतात. हॅलो बंद पडलं की समजायचं, रस्ता तुटला."

शांताक्का हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे दसऱ्यापासून बंद आहे."

अण्णा आणि कारखाना सांभाळणारा धाकटा व्यंकट, सख्खे भाऊ, एकमेकांशी बोलत नव्हते. सगळे निरोप शांताक्कांच्या फोनवरून!

*

शेवटी टेस्ट, व्हिडिओ कॉल लावून. मामा आनेकलला गेले आणि त्यांनी कॅमेऱ्यासमोर नेमकं व्यंकटला बसवलं! इकडे स्क्रीनसमोर अण्णा. दोघंही भलतीकडेच बघत होते.

फोनवरून मामा म्हणाले, "अण्णा, मेन केबल काढा."

अण्णांनी काढली. व्यंकटचा चेहरा तिथल्या तिथे गोठला. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "अरे, गेला कुठे हा?"

तेवढ्यात बॅकअपवरून चित्र हललं.

"दिसतोस, अण्णा!" व्यंकट म्हणाला.

"टेस्ट पास!" मी म्हटलं.

"एकदा चाललं म्हणजे झालं का?" अण्णांनी केबल परत लावली, परत काढली.

"दिसतोस, अण्णा!"

परत लावली, परत काढली.

मी बॅग भरली, शांताक्कांबरोबर कॉफी प्यायले, मामा आनेकलहून बसने धक्के खात परत आले. अण्णांची टेस्ट चालूच होती!